पाठीला लागलेली माती

माझ्या उजव्या हाताचे कोपर पुरते सरळ होत नाही. शाळेत शिकवीत होतो, तेव्हा फळ्यावर लिहिताना हात किंचित वाकडाच राही आणि माझ्या ओळी उजवीकडे खाली उतरत जात. दरवर्षी नव्या वर्गातला एखादा धीट मुलगा पहिल्याच आठवड्यात उभा राहून विचारी, "गुरुजी, तुमच्या हाताला काय झाले?" मी हसून उत्तर देई, "ह्या हातामुळेच मी तुमचा गुरुजी झालो." मुलांना वाटे, गुरुजी थट्टा करीत आहेत. पण ती थट्टा नव्हती. आज निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत. त्या मुलांना जे सविस्तर सांगायचे राहून गेले, ते आज सांगावे असे वाटते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. कऱ्हाड तेथून काही कोसांवर. गावात देऊळ, चावडी आणि शाळा ह्यांच्या बरोबरीने तालमीला मान होता. तालीम म्हणजे काळ्या दगडाच्या भिंतींची, ठेंगण्या दाराची एक अंधारी खोली. दार मुद्दामच ठेंगणे ठेवलेले, कारण आत शिरणाऱ्याने मान वाकवूनच शिरले पाहिजे. आत एका कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. ती माती म्हणजे साधी माती नव्हे. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस असे कायकाय मिसळून आमचे वस्ताद ती स्वतःच्या हातांनी मळीत. तिचा गार, आंबूस वास दारातूनच अंगाला येऊन भिडे. आजही कोठे लिंबू आणि ताक ह्यांचा वास एकदम आला, तर मला स्वयंपाकघर आठवत नाही, तालीम आठवते.

मी दहाव्या वर्षी तालमीत जाऊ लागलो. पहाटे उठावे, लंगोट चढवावा, मारुतीला नमस्कार करावा आणि जोर-बैठकांना लागावे, असा क्रम होता. मग हौद्यातली माती फावड्याने खणायची, पुन्हा सारखी करायची आणि त्यानंतर लढत. घरी परतलो म्हणजे आई माझ्यापुढे दुधाचा मोठा पेला ठेवी. आमची एकच म्हैस होती. तिचे दूध विकून घरातले मीठ-मिरची येई. तरी त्यातले शेरभर दूध आई माझ्यासाठी बाजूला काढी. धाकटी बहीण त्या पेल्याकडे पाही आणि दुसरीकडे तोंड फिरवी. ते तोंड फिरवणे तेव्हा माझ्या ध्यानात येत नसे. लहानपणी पुष्कळ गोष्टी डोळ्यांसमोर घडतात, पण दिसत नाहीत.

दोन वर्षांत माझे अंग चांगले भरले. तालमीतल्या माझ्या वयाच्या मुलांना मी धोबीपछाड मारून सहज पाडू लागलो. मला वाटले, आता आपण मल्ल झालो! चालताना माझे खांदे उगाच रुंद होत. वस्ताद एकदा म्हणाले, "पोरा, एकाच डावावर जगू नगंस. अन् खाली बघून चाल." मी मान डोलावली, पण ते बोल कानांतच राहिले, आत उतरले नाहीत.

१९६२ सालच्या चैत्रात गावच्या भैरोबाची जत्रा भरली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या नांगरलेल्या रानात कुस्त्यांचा फड असे. आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या, आणि असे चढत चढत शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती. मला त्या वर्षी प्रथमच आठ आण्यांच्या कुस्तीत जोड मिळाली. सकाळीच मी बहिणीला ऐटीत सांगितले, "इनामाच्या पैशांतून तुला काचेच्या हिरव्या बांगड्या आणतो." ती इतकी हरखली, की बांगडीवाल्याच्या पालापाशी जाऊन तिने बांगड्या निवडूनही ठेवल्या.

फडात उतरलो. हलगी कडाडत होती. माणसांचे गोल कडे भरले होते. माझ्यासमोर नदीपलीकडच्या गावचा एक हडकुळा मुलगा उभा राहिला. त्याला पाहून मला हसूच आले. पंचांनी हात लावून दिले. सलामी झाली. त्या क्षणी मी काय केले असेल? मी त्या मुलाकडे पाहिलेच नाही. आपले आबा कोठे उभे आहेत, मित्र कोठे आहेत, ते आपल्याकडे पाहत आहेत ना, हे पाहण्यासाठी मी मान वळवली. तेवढ्यात त्या मुलाने खाली वाकून माझा पट काढला. पायाखालची जमीन नाहीशी झाली. दुसऱ्या क्षणी डोळ्यांसमोर निळेभोर आकाश होते आणि कोणीतरी टाळ्या वाजवीत होते. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या.

उठलो. पाठीवर घामाने माती चिकटली होती. कुस्तीच्या फडात पाठीला लागलेली माती सगळ्या गावाला दिसते. ती ज्याची त्यालाच तेवढी दिसत नाही. मी सदरा काखेत मारून गर्दीतून वाट काढीत पळालो आणि नदीच्या वाळवंटात जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत घरी गेलो नाही.

घरी कोणी काही बोलले नाही. आबांनी नुसते "जेवलास का?" असे विचारले. बहिणीने आपल्या वाट्याच्या रेवड्या मूठभर माझ्या हातावर ठेवल्या आणि ती गुपचूप आत गेली. बांगड्यांचे नावही तिने काढले नाही. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दुधाचा पेला पुढे ठेवला, तेव्हा मी तो परत सारला. "मला नको. तिला दे," मी म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिले आणि पेला मुकाट्याने उचलला.

त्या दिवसापासून मी तालमीत जाणे सोडले. तालमीवरून जायचे टाळण्यासाठी मी शाळेला लांबच्या वाटेने जाऊ लागलो. असे आठ-दहा दिवस गेले असतील. एके दिवशी संध्याकाळी मी म्हशीला पाणी पाजून घाटावर बसलो होतो. मागून काठीचा आवाज आला. पाहतो तो वस्ताद! मी धडपडून उठलो. ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

"पोरा, परवा तुझा कोणचा खांदा आधी टेकला?"

मला उत्तर देता येईना. "ठाऊक नाही, वस्ताद," मी म्हणालो.

"त्यानं डावा पाय धरला का उजवा?"

तेही मला ठाऊक नव्हते.

वस्ताद हसले. "अरं, हरलास ते ठीक झालं. कोण हरत न्हाई? माझ्या पाठीला किती येळा माती लागली, ते मोजाय बसलो तर रात सरंल. पर तू कसा हरलास, ते तुला ठाव न्हाई. ही खरी हार."

मग नदीकडे पाहत ते म्हणाले, "गोळेश्वरच्या खाशाबाचं नाव ऐकलंस न्हवं?"

आमच्या भागात खाशाबा जाधवांचे नाव कोणी ऐकले नाही असे नव्हतेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी, १९२६ साली, एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कऱ्हाडला शाळा, पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज आणि कोल्हापूरच्याच तालमींची माती, असे त्यांचे शिक्षण झाले. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पदक मिळवले, एवढे आम्हां मुलांना पाठ होते. पण त्याआधीची गोष्ट मला वस्तादांनी त्या संध्याकाळी सांगितली.

"हेलसिंकीच्या आधी चार वर्सं खाशाबा लंडनला गेला हुता. १९४८ साली. तिथं त्याला पदक मिळालं न्हाई. सहावा आला, सहावा! का? तर आपली कुस्ती मातीवरची अन् तिथली गादीवरची. मातीत पाय रुततो, ठरतो. गादीवर पाय उसळतो, सरकतो. हितं आपण समोरच्याला चितपट करंस्तवर झुंजतो. तिथं घड्याळ लावून लढायचं, अन् चितपट न्हाई झालं तर पंच निकाल देणार. समदंच निराळं. खाशाबा तिथं चांगला लढला, दोघा-तिघांस्नी भारी पडला. पर शेवटी मागं राहिला. मग घरी येऊन त्यानं काय केलं? तुझ्यावानी नदीवर येऊन बसला?"

मी खाली मान घातली.

"त्यानं बघितलं, आपण कशापायी हरलो. अन् मग चार वर्सं त्यावर घाम गाळला. वजनी गट बी वरचा घेतला. लंडनात बावन्न किलोंत लढला हुता, हेलसिंकीत सत्तावन्न किलोंत लढला. म्हंजे जोड आणखी तगडी! पोरा, पाठीची माती लगीच झटकून टाकायची नसती. आधी ती वाचायची असती. उद्या पहाटं ये."

वस्ताद उठले आणि काठी टेकीत निघून गेले. मी बराच वेळ तेथेच बसलो होतो. पाण्यावर अंधार उतरत होता. मी डोळे मिटून ती कुस्ती पुन्हा पाहू लागलो. हळूहळू एकेक गोष्ट उलगडू लागली. मी मान डावीकडे वळवली होती. माझे सारे वजन उजव्या पायावर होते. त्याने डावा पाय उचलला होता. डावा खांदा आधी टेकला होता. जे चित्र आठवून मला दहा दिवस लाज वाटत होती, तेच चित्र आता एखाद्या धड्यासारखे माझ्यासमोर उघडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो. ठेंगण्या दारातून शिरताना त्या दिवशी माझी मान आपोआप वाकली. वस्तादांनी मला धोबीपछाडीला बंदी केली. "वर्सभर तो डाव इसरायचा. आधी पाय सांभाळाय शीक," असे ते म्हणाले. मी पट सोडवायला शिकलो. खाली आलो तरी पोटावर कसे राहावे, दम कसा राखावा, समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या छातीकडे आणि पायांकडे कसे पाहावे, हे शिकलो. ह्या शिकण्यात मला रोज माती लागे. माझ्याहून लहान मुलेही मला पाडीत. पहिले काही दिवस फार जड गेले. पण रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर मी त्या दिवशीची हार मनातल्या मनात वाचीत असे. दुधाच्या पेल्याचे मात्र मी दोन भाग केले. अर्धा माझा, अर्धा बहिणीचा. आईने हरकत घेतली नाही.

त्या वर्षभरात वस्तादांनी खाशाबांची उरलेली गोष्टही तुकड्यातुकड्यांनी सांगितली. हेलसिंकीला जायचे ठरले, पण प्रवासासाठी पैसे नव्हते. खाशाबांनी गावोगाव हिंडून मदत मागितली. कोणी रुपया दिला, कोणी धान्य दिले. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगत. सव्वीस वर्षांचा हा तरुण अशा रीतीने हेलसिंकीला पोहोचला. तेथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी ह्या देशांच्या मल्लांना त्याने हरवले. पुढे एका लांबलेल्या झुंजीनंतर पुरेशी विश्रांती मिळायच्या आतच त्याला पुन्हा गादीवर उतरावे लागले आणि त्याची बाजू मांडायला त्या वेळी कोणी जवळ नव्हते, असे सांगतात. जपानचा इशी पहिला आला, सोव्हिएत संघाचा मामदबेकोव्ह दुसरा आणि आपले खाशाबा तिसरे. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

खाशाबा परतले, तेव्हा वस्ताद स्वतः कऱ्हाडला गेले होते. दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती आणि एरवी पाव तासात संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशी संपता संपत नव्हती, असे ते रंगवून सांगत. पण त्या मिरवणुकीपेक्षा मला त्यांनी शेवटी सांगितलेली गोष्ट अधिक आवडे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. "पदक मिळवणारे लई असतील," वस्ताद म्हणत, "पर घर सोडवून देणारा मल्ल मोठा."

पुढच्या चैत्रात पुन्हा जत्रा भरली. पुन्हा तोच फड, तीच हलगी, आणि योगायोग असा, की समोर तोच नदीपलीकडचा मुलगा! तोही वर्षभरात वाढला होता. सलामी झाली. ह्या खेपेला मी आबांकडे पाहिले नाही, मित्रांकडे पाहिले नाही. त्याने वाकून पट काढायचा प्रयत्न केला; मी पाय मागे घेतला. मी त्याला खाली आणले. तो पोटावर राहिला. खडाखडी चालली. घाम डोळ्यांत उतरू लागला. किती वेळ गेला कोणास ठाऊक! शेवटी पंच मध्ये आले आणि त्यांनी आम्हां दोघांचेही हात वर केले. कुस्ती बरोबरीत सुटली. आठ आण्यांचे इनाम दोघांत निम्मे वाटले गेले. त्या मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "गेल्या वर्षीचा तू न्हवंसच!"

मला मिळालेल्या चार आण्यांत काचेच्या हिरव्या बांगड्या आल्या. बहिणीने त्या हातांत घालून घरभर वाजवल्या.

गोष्ट येथे संपली असती, तर ती फार गोड झाली असती. पण ती येथे संपली नाही.

त्याच वर्षी श्रावणात तालमीत लढताना मी आडवा पडलो आणि उजवा हात अंगाखाली आला. कोपरापाशी काहीतरी कडकन मोडले. गावच्या हाडवैद्याने हात ओढून बसवला, झाडपाल्याचा लेप लावला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिन्याने कामट्या सुटल्या, तेव्हा हाड जुळले होते. पण ते वाकडे जुळले होते. आबा मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला, वळवून पाहिला आणि सांगितले, "आता उशीर झाला. हात कामाला येईल. पण कुस्ती मात्र विसरा."

परतीच्या बैलगाडीत आबा एक शब्दही बोलले नाहीत. मी गाडीच्या मागच्या बाजूला बसून रस्त्याकडे पाहत होतो. पहिली हार मी वाचली होती. तीत माझी चूक सापडली होती आणि ती मी सुधारली होती. पण ह्या हारीत वाचायचे काय? ह्यात माझी कोणती चूक होती? मी पुष्कळ विचार केला, पण मला काहीच सापडले नाही. काही संकटे अशी असतात, की त्यांना कारण असते, पण त्यांत आपला अपराध नसतो. हे कळायला मोठ्या माणसांनाही वेळ लागतो. मी तर तेरा वर्षांचा होतो.

ह्या वेळी मी तालमीला टाळले नाही. हात गळ्यात अडकवून मी दाराशी जाऊन उभा राहिलो. वस्तादांनी मला आत बोलावले आणि हौद्याच्या काठावर बसवले. मी विचारले, "वस्ताद, आता मी काय करू?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हेलसिंकीनंतर खाशाबाची पुढची ऑलिंपिक मेलबर्नला हुती. १९५६ साली. तो गेला न्हाई. का? गुडघा दुखावला. तेवढा मोठा मल्ल, पर गुडघ्यापुढं काय चालतंय? १९५५ साली तो पोलिसांत फौजदार झाला हुता. आता ती नोकरी नेकीनं करतोय, अन् तिथल्या पोरांस्नी खेळ शिकवतोय. माती सुटली म्हणून माणूस काय सुटत न्हाई." आणि मग हौद्यातल्या सात-आठ लहान मुलांकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बारकी पोरं बघ. मला आता वाकवत न्हाई. उद्यापासनं ती तुझी."

ती पोरे माझी झाली खरी. पण शिकवायचे कसे? डाव दाखवायचा, तर उजवा हात वळत नव्हता. हाताने दाखवता येईना, म्हणून तोंडाने सांगावे लागे. पट काढताना पाय नेमका कोठे ठेवायचा, वजन कोणत्या क्षणी कोणत्या पायावर न्यायचे, मान कशी लपवायची, हे सारे मला शब्दांत पकडावे लागे. एका रीतीने सांगून मुलाला कळले नाही, की दुसऱ्या रीतीने सांगे. तरीही कळले नाही, तर मातीत काडीने रेघा ओढून दाखवी. त्या मुलांत एक फार भित्रा मुलगा होता. तो रोज पडे आणि रोज रडे. मी त्याला एकच प्रश्न विचारी, "कोणता खांदा आधी टेकला?" पहिल्यांदा तो नुसता रडे. मग रडत रडत उत्तर देऊ लागला. पुढे उत्तर देताना रडणे विसरू लागला. पुढच्या जत्रेत त्याने रेवड्यांवरची कुस्ती जिंकली आणि फडातून धावत येऊन मूठभर रेवड्या माझ्या वाकड्या हातात कोंबल्या. त्या दिवशी जो आनंद झाला, तो आठ आण्यांच्या कुस्तीतही मला झाला नव्हता. आपण पुढे काय व्हायचे, हे त्याच दिवशी माझ्या मनाने ठरवले असावे. तालमीत जे शिकलो, ते पुढे वर्गात कामाला आले. गणित चुकलेल्या मुलालाही मी "उत्तर चुकले" असे म्हणून थांबलो नाही, "पाऊल कोठे चुकले?" असे विचारीत राहिलो.

खाशाबांची पुढची हकीगत मी वर्तमानपत्रांतून वाचीत असे. त्यांनी पोलीस खात्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे सेवा केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत देशाने त्यांची जेवढी आठवण ठेवायला हवी होती, तेवढी ठेवली नाही. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण तो मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक खेळातले पुढचे ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेसला टेनिसमध्ये. म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी! आणि २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक लाभले. ती बातमी ऐकली, त्या दिवशी मला वस्तादांची फार आठवण झाली. ते असते, तर त्यांनी आधी विचारले असते, "पोरगा ह्याच्या आधी किती येळा हरला हुता?"

मुलांनो, तुम्ही खेळाल तेव्हा कधी जिंकाल, कधी हराल. हरलात तर त्याचे दुःख जरूर होऊ द्या. दुःख झाले नाही, तर मन लावून खेळलोच नाही असे समजा. पण त्या दुःखात फार दिवस बसू नका. आपली चूक सापडली, तर ती सुधारा. चूक न सापडली आणि दैवानेच आडवे घातले, तर आपल्या हाती अजून काय उरले आहे ते शोधा. काही ना काही उरलेले असतेच.

परवा मी गावी गेलो होतो. तालमीचे दार अजून तेवढेच ठेंगणे आहे. आत आता मातीच्या हौद्याशेजारी गादीही अंथरली आहे आणि मुले दोन्हींवर लढतात. एक लहान मुलगा नुकताच पडला होता. पाठीला माती तशीच, डोळ्यांत पाणी. मी जवळ जाऊन त्याच्यापुढे वाकलो आणि विचारले, "बाळ, कोणता खांदा आधी टेकला?"

त्याने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि आपल्या उजव्या खांद्याला हात लावून दाखवला.